टांकसाळीचे संच गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

कल्याणच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वय ३८, मुलगी सात वर्षांची. तिच्या जन्मापासून ते दरवर्षी सरकारी टांकसाळीचे स्मारक नाण्यांचे संच घेतात, आजवर ६२ हजार रुपये गेलेत. आता दरमहा पाच हजारांची एसआयपी बंद करून ते पैसेही नाण्यांत घालावेत का, असं त्यांच्या मनात आहे, कारण 'जुनी झाली की किंमत वाढतेच'. शिवाय वडिलांच्या जुन्या डब्यात पाच रुपयांची इंदिरा गांधींची चार नाणी, वैष्णोदेवीचं एक आणि १९६९ चं गांधीजींचं चांदीचं दहा रुपयांचं एक अशी नाणी निघालीत. व्हॉट्सअॅपवर एकाने वैष्णोदेवीच्या नाण्याचे चार लाख देतो म्हणून सांगितलंय. त्याआधी 'रजिस्ट्रेशन'चे १,५५० रुपये भरायचे आहेत.

मी नाणी गोळा करायला लागलो १९९३ साली, विकायला लागलो २००१ पासून, पुण्यात. दुकान नाही. प्रदर्शनात टेबल लावतो आणि उरलेले दिवस घरच्या जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसतो. तेव्हा जे सांगतो ते विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या, दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

घाईचं आधी. ते १,५५० रुपये भरू नका. भरलेत तर उद्या जीएसटीचे साडेचार हजार मागतील, परवा रिझर्व्ह बँकेच्या 'ना हरकत'चे आठ हजार. त्या पत्रावर रिझर्व्ह बँकेचा शिक्काही असेल, झकास छापलेला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही, कुणाला तिच्या नावाने शुल्क वा कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. नाणी विकत घेणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे. आधीच काही भरलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, आजच.

आणि ते वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं? त्यावर २०१२ साल आहे, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं. भरपूर निघालं, भाजीवाल्याच्या गल्ल्यातून मी स्वतः कैक वेळा उचललंय. हातफिरलेलं असेल तर माझ्या टेबलावर दहा-वीस रुपयांना पडलेलं असतं आणि बहुतेक वेळा तसंच परत घरी येतं. इंदिरा गांधींचं १९८५ चंही तसंच. तांबे-निकेलचं, जाड, हातात छान भरतं म्हणून लोकांनी बाजूला काढून ठेवलं. महाराष्ट्रात असं घर शोधून दाखवा जिथल्या गोदरेजच्या कपाटात त्यातलं एक तरी नाही. 'ट्रॅक्टरची पाचाची नोट', '७८६ ची नोट' या सगळ्या त्याच कुटुंबातल्या बातम्या. आमच्या लहानपणी त्या जागी पिवळं कमळाचं वीस पैशांचं नाणं होतं, त्यात सोनं आहे म्हणायचे. नव्हतं.

आता संचांकडे येतो, कारण तुमचे खरे पैसे तिथे अडकलेत.

टांकसाळीचा संच तुम्ही घेता तेव्हा तुम्ही शेवटचं गिऱ्हाईक असता, किरकोळ भावाचं. विकायला जाल तेव्हा तुम्ही पुरवठादार होता आणि समोरचा डीलर घाऊक भावाने बोलतो. आमच्या धंद्यात साधारण संचाला किरकोळ भावाच्या साठ टक्के मिळाले तर विकणाऱ्याने खूश व्हावं. समजा १०० ला घेतलात. विकताना १०० हातात यायचे असतील तर किरकोळ भाव १६६ ला जायला हवा. दरवर्षी सहा टक्क्यांनी भाव वाढला, जो सगळ्याच संचांचा काही वाढत नाही, तरी तिथे पोचायला पावणेनऊ वर्षं लागतात. तेवढ्या वेळात पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी त्याच शंभराचे १८० च्या वर होतात, आणि पीपीएफला पावसाळ्यात बुरशी लागत नाही.

लोक विचारतात, पण दुर्मीळ होत जातात ना? गोची तिथेच आहे. जी वस्तू जपून ठेवण्यासाठीच बनवली, ती सगळेच जपून ठेवतात. टांकसाळीने दिलेली डबी, आतली कुपी, वरचं माहितीपत्रक, सगळं तीस वर्षांनी जसंच्या तसं बाहेर येतं. कुणी तो संच बसच्या तिकिटात खर्च केलेला नसतो, कुणाच्या खिशात तो किल्ल्यांशेजारी घासलेला नसतो. एकही नाणं नष्ट होत नाही, मग ते दुर्मीळ होणार कसं? त्यात आपल्याकडे एखाद्या संचाची नेमके किती नग विकले गेले, हा आकडा सहजी हाती लागत नाही. 'मर्यादित आवृत्ती' म्हणजे किती मर्यादित, हे घेताना कळत नाही आणि विकताना डीलर सांगतो.

याची दोन परदेशी उदाहरणं मी नवख्या मुलांना नेहमी सांगतो, कारण दोन्हींचे आकडे उघड आहेत. अमेरिकेत १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीने पाच सेंटचं नाणं फक्त २६ लाख ३० हजार काढलं. त्या मालिकेत इतकं कमी कधीच निघालं नव्हतं. बातमी फुटली आणि लोकांनी बँकांतून चाळीस-चाळीसचे रोल उचलून तिजोरीत ठेवले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भाव आभाळाला भिडला, १९६४ च्या सुमारास फुगा फुटला, आणि आजही कोरंकरकरीत नाणं हवं असेल तर ते सहज मिळतं, कारण बहुतेक सगळी कोरीच राहिली. आता दुसरं उदाहरण. ब्रिटनने २००९ साली क्यू गार्डन्सचं ५० पेन्सचं नाणं चलनात सोडलं, फक्त २ लाख १० हजार. त्याचा आकडा लोकांना फार उशिरा कळला. तोवर ते चहाच्या टपऱ्यांतून, पार्किंगच्या यंत्रांतून फिरत होतं. आज चलनात फिरलेलं नाणंसुद्धा शंभर पौंडांच्या वर जातं. दोन्ही नाणी कमी निघाली होती. एक लोकांनी जपलं, एक खर्च केलं. भाव खर्च केलेल्याला आला.

हे माझ्या टेबलावर कसं दिसतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एक बाई यजमानांचा संग्रह घेऊन आल्या. ते जाऊन वर्ष झालं होतं. रिक्षातून दोन पत्र्याच्या ट्रंका. उघडल्या तर आत टांकसाळीचे संच, एकावर एक, प्रत्येकाबरोबर बिल टाचणीने लावलेलं. वीस-बावीस वर्षांची बिलं. मी आणि बाईंनी मिळून बेरीज केली, १ लाख ८६ हजार निघाली. मी भाव काढला, मग माझ्यावर विसंबू नका म्हणून त्यांना आणखी दोघांकडे पाठवलं. तिघांतला सर्वांत चांगला आकडा १ लाख २१ हजारांचा होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग नाण्यांतल्या चांदीचा होता. बाई काही बोलल्या नाहीत, पदराने चष्मा पुसत राहिल्या. ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट होतं. त्यात चौदा नाणी, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं. साधी चलनातली, एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये. ते कधीतरी बँकेतून आलेल्या थैलीतली कोरी नाणी काढून ठेवत असावेत, वर शाईच्या पेनने साल आणि टांकसाळ लिहिलेलं. त्या चौदा नाण्यांचे २३ हजार आले. यजमानांना ती चाळीस-पन्नास रुपयांना पडली असतील.

त्या पाकिटात काय होतं, हे कळण्यासाठी थोडं भिंगातून बघावं लागेल.

आपली चालू नाणी चार टांकसाळींत पडतात. मुंबईची फोर्टातली, कोलकात्याची अलीपूरची, हैदराबादची आणि १९८८ पासून नोएडाची. कुठली कुठे पडली हे सालाखालच्या खुणेवरून कळतं. मुंबईची खूण छोटा हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब, कोलकात्याची काहीच नाही. नुसत्या डोळ्यांना ते टिंब आणि तो हिरा सारखेच वाटतात, विशेषतः चाळिशी ओलांडल्यावर. म्हणून दहापटीचं भिंग घ्या. प्रूफ संचांवर, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चकाकी देऊन पाडलेल्या नाण्यांवर, मुंबईचा पूर्वी 'बी' असायचा, नंतर 'एम' आला. काही वर्षी बाहेरूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. एवढंसं अक्षर, पण ते पहिल्यांदा स्वतःच्या चिल्लरीत सापडतं तेव्हा माणूस या छंदातून परत येत नाही.

माझ्याकडे एक लांब पानांची हिशेबाची वही आहे. एका पानावर एक मूल्य आणि एक नमुना. उभं साल, आडव्या चार टांकसाळी. नाणं मिळालं की चौकटीत पेन्सिलने दर्जा, म्हणजे ते किती कोरं राहिलंय ते, लिहितो, आणखी चांगलं मिळालं की खोडून नवा. आठ-दहा वर्षं अशी वही भरली की कोणत्या चौकटी रिकाम्या राहतात ते आपोआप दिसतं. आणि एखाद्या चौकटीत हातफिरलेलं नाणं चार ठिकाणी मिळतं पण कोरं कुठेच मिळत नाही, हेही दिसतं. हे ज्ञान कुठल्या किंमतपुस्तकात नसतं, कारण किंमतपुस्तकं एकमेकांवरून उतरवलेली असतात. एका चौकटीसाठी मी सात वर्षं थांबलोय. कोणती ते सांगत नाही. सांगितली तर येत्या रविवारी जुन्या बाजारात तिचा भाव चढलेला असेल.

म्हणजे आधुनिक नाण्यांत पैसा असलाच तर तो दर्जात आहे. कुपीत बसवून दर्जा लावणाऱ्या अमेरिकी कंपन्या, पीसीजीएस आणि एनजीसी, १ ते ७० च्या मोजपट्टीवर नाणं तोलतात. ६३ आणि ६६ मध्ये साध्या माणसाला फरक दिसत नाही, भावात मात्र तो कधी कधी पाचपट असतो. पण तुमच्या शंभर रुपयांच्या नाण्याला कुपीत बसवायला दोन-तीन हजार घालू नका. कुपीने नाणं दुर्मीळ होत नाही, फक्त महाग पडतं. आणि गाळ्यावर कुणी '७० दर्जाचं आहे' म्हणून आजचं ताजं नाणं पुढे केलं, तर एवढंच आठवा की आजची यंत्रं आणि आजचं पॅकिंग पाहता वरच्या दर्जाची नाणी ढिगाने असतात.

टांकसाळीच्या चुका, म्हणजे आम्ही 'एरर' म्हणतो ती नाणी, हा वेगळा आणि खरा मजेचा प्रांत. छाप मध्यावरून सरकलेली, कड चिरलेली, एक बाजू कोरी राहिलेली. यातली अस्सल नाणी चांगला भाव आणतात. पण हल्ली निम्मा माल कारखान्याबाहेर 'चुकवलेला' असतो. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला गोल शिकंजात धरून फिरवलेला, नाहीतर काढून उलटा बसवलेला. ओळखायचं कसं? वजन आणि कड. दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, २७ मिलिमीटरचं. खिशात मावणारा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा पाच-सातशेला मिळतो. मधल्या गोलाच्या सांध्यात भिंगाने पाहा. टांकसाळीत दोन्ही धातू एकाच ठोक्याखाली एकमेकांत दबलेले असतात, सांधा स्वच्छ असतो. नंतर बसवलेल्यात बारीक ओरखडे आणि कडेला उचललेली धातूची कच दिसते. दिसली नाही तरी मन साशंक असेल तर सोडून द्या, नाणी संपत नाहीत. जाता जाता, दहाच्या नाण्यांचे वेगवेगळे नमुने पाहून घाबरणारे दुकानदार अजून आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की तोवर निघालेले चौदाही नमुने चालतात.

चांदीचं आता. तुमचं १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. त्याला तुमच्या शहरातल्या आजच्या ग्रॅमच्या भावाने गुणा, तो झाला पाया. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं मोठं आहे, साडेबावीस ग्रॅमचं, पण चांदी निम्मीच, सव्वाअकरा ग्रॅम. मोठं दिसतं म्हणून जास्त देऊ नका, हे सांगण्यासाठी हा हिशेब. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, निम्मी चांदी, बाकी ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल-जस्त. साडेसतरा ग्रॅम चांदी. तुमच्या प्रत्येक संचाचं असं गणित मांडा, चांदीचा भाग एका रकान्यात, वरचे जे भरलेत ते दुसऱ्यात. दुसरा रकाना हा टांकसाळीच्या कारागिरीचा आणि तुमच्या हौसेचा. चांदीने किलोमागे लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा खूप जण मला सांगत आले की बघा, नाणी वाढली. नाणी जागच्या जागी होती, आतली चांदी वाढली. निव्वळ चांदीच घ्यायची असती तर सराफाकडची ९९.९ ची लगड कमी घडणावळीत मिळाली असती, आणि विकताना 'चार धातूंचं मिश्रण आहे, गाळावं लागेल' असं कुणी म्हणालं नसतं. बरं, गाळायचीही सोय नाही; चालू नाणं वितळवणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ती चांदी मोकळी करायला शेवटी दुसरा संग्राहकच गाठावा लागतो.

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची नाणी म्हणून लोक मला हमखास चार विचारतात. १९९९ चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं, त्याच वर्षीचं ज्ञानेश्वर माउलींचं रुपयाचं, २००२ चं तुकोबांचं रुपयाचं आणि २००७ चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं. घ्या, जरूर घ्या, पन्नास-शंभर रुपयांत कोरी मिळतील, मुलीला द्या. पुण्यातल्या प्रदर्शनात ती इतर ठिकाणांपेक्षा चटकन खपतात एवढंच. शिवरायांचं नाणं लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलं, कडी डाग देऊन लॉकेट केलं. कडी लावलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने गेलं, पण ज्याच्या गळ्यात आहे त्याला त्याचं काय!

जपणुकीबद्दल दोन शब्द, कारण इथे मी स्वतः पोळलोय. २००४ च्या सुमारास मी एक चांगला प्रूफ संच फोडून त्यातली नाणी मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये ठेवली. स्वस्त अल्बम, स्टेशनरीच्या दुकानातला. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी उघडला तर नाण्यांवर हिरवट, चिकट साय. त्या मऊ प्लास्टिकमधलं पीव्हीसी आपल्या दमट हवेत पाझरतं आणि तांब्याला खातं. अॅसिटोनने साय निघाली, पण आरशासारखी जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट भाग, गेली ती गेली. त्यात भर म्हणजे आमच्या आत्याने मदत करायची म्हणून उरलेली दोन नाणी चिंच लावून घासली, देवाच्या उपकरणांसारखी. लखलखली. आणि शून्य झाली. तेव्हापासून घरात नियम आहे, नाण्याला पाणीसुद्धा लावायचं नाही. कडक प्लास्टिकच्या कुपी किंवा मायलरचा पातळ पारदर्शक पापुद्रा लावलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनआधी बदला. होल्डरची पिन गंजते, ती दाबून आडवी करा म्हणजे शेजारच्या नाण्याला लागणार नाही. प्रूफ नाणं फक्त कडेने धरा. बोटाचा ठसा त्याच दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो, आणि तो कुणाचा हे बायकोला विचारायची सोय नसते.

मग एसआयपी बंद करायची का? नाही. मुलीच्या शिक्षणाचे पैसे ज्या दिवशी लागतील त्या दिवशी, त्या आठवड्यात, लागतील. नाण्यांना त्या आठवड्यात गिऱ्हाईक असेलच असं नाही. मी स्वतः वीसपेक्षा जास्त वर्षं यातून काही कमावत आलो, पण ती विकण्याची मजुरी आहे: उन्हातान्हात फिरणं, पहाटेच्या गाडीने प्रदर्शनाला जाणं, शंभर नाणी पाहून एक उचलणं. ती मजुरी न करता कपाटात ठेवलेल्या नाण्यांनी मला पोसलेलं नाही.

ज्या संचांचे ६२ हजार गेलेत ते आता घाईने विकू नका, तसाही निम्म्याच्या आसपासच भाव येईल. बिलं, डबी, माहितीपत्रक एकत्र ठेवा. यांच्याशिवाय संच आणखी पडतो. यापुढे संच घ्यायचाच तर वर्षाला एक घ्या, ज्याचा विषय तुम्हाला किंवा मुलीला मनापासून आवडतो तोच. टांकसाळीच्या संकेतस्थळावर बुकिंग करा. 'बुकिंग बंद झालं, माझ्याकडे दोनच उरलेत' म्हणणाऱ्याकडून दीडपट देऊन घेऊ नका, बरेच संच वर्ष-दोन वर्षांत मूळ किमतीखाली प्रदर्शनात फिरताना दिसतात. महिन्याला पाचशे रुपये मात्र शिकण्यावर घाला. एक भिंग, एक काटा, एक लांब पानांची वही. बँकेत ओळखीचा कॅशिअर असेल तर नवी कोरी चिल्लर मागा. एक-दोन-पाच रुपयांची चारही टांकसाळींची कोरी नाणी साल दर साल काढून ठेवा. दर्शनी किमतीत येतात, तोटा होऊच शकत नाही, फार तर खर्च करून टाकता येतात. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, मुलीला घेऊन एकदा जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्र्यंबकेश्वरला जाता-येता थांबता येतं. पुण्याला आलात तर बुधवारी किंवा रविवारी सकाळी जुन्या बाजारात भेटू. पहिल्या तीन फेऱ्यांत काही विकत घ्यायचं नाही, फक्त भाव विचारायचे आणि तेच नाणं परत त्यालाच विकायचं म्हटलं तर तो किती देतो तेही विचारायचं. त्या दोन आकड्यांमधलं अंतर ऐकताना दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक राहिलं. कुठल्या ट्रंकेत काय आहे, कितीला घेतलं, कुणाकडे विकायचं, हे एका कागदावर लिहून बायकोला दाखवून ठेवा. सदाशिव पेठेतल्या त्या बाईंना लग्नपत्रिकेचं पाकीट रद्दीत टाकायचं होतं, शेवटच्या क्षणी राहून गेलं म्हणून वाचलं.

वडिलांच्या गांधीजींच्या नाण्यावर कडेने निळसर-काळपट छटा चढलीय असं तुम्ही लिहिलंय आणि ती कशी काढायची विचारलंय. काढू नका. पन्नासहून अधिक वर्षं त्या डब्यात राहून ती चढलीय. मला उद्या ते नाणं विकत घ्यायचं झालं तर मी त्या छटेचेच चार पैसे जास्त देईन.